हात धरायचा की बोलायचं: कर्णबधिर माणसांना समजेल असा अंत्यविधी ठरवताना

बाबा गेले तेव्हा दुभाष्याचं काम मी केलं. आई-बाबा दोघंही कर्णबधिर, मला ऐकू येतं. लहानपणापासून डॉक्टर असो, बँक असो, शाळेतली पालकसभा असो, मधे मीच उभी असायचे. त्यामुळे बाबांच्या निरोपाच्या वेळी बाहेरचं कुणी बोलवावं हे कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. मी आईच्या समोर उभी राहिले आणि बोलणाऱ्यांचं सगळं तिला साइनमध्ये, म्हणजे खुणांच्या सांकेतिक भाषेत, सांगत गेले. मधेच तिनं हात पुढे केला, माझा हात धरायला. तो धरला असता तर तिच्यासाठी सगळं बोलणं तिथंच थांबलं असतं. मी खुणा करत राहिले. तिनं हात मागे घेतला.

म्हणून आता कुणी विचारलं, की आमच्या घरी असा प्रसंग आहे, कसं करू, तर मी आधी एवढंच सांगते: ज्याचं माणूस गेलंय त्याला कामाला लावू नका. बाकी पर्यायांत परिस्थितीप्रमाणे मागेपुढे करता येतं. इथं करू नये असं मला वाटतं.

पर्यायांकडे वळण्याआधी येणारी माणसं कोण आहेत ते पाहा. ‘कर्णबधिर’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं येतात. कुणी जन्मापासून साइन करतं. कुणाला उतारवयात ऐकू येईनासं झालेलं असतं आणि एकही खूण येत नसते. कुणी श्रवणयंत्र आणि ओठांच्या हालचाली यांवर भागवतं. 1880 साली मिलानला कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांना बोलूनच शिकवावं असा ठराव तिथं झाला आणि पुढे कित्येक दशकं अनेक देशांतल्या शाळांत खुणांना मज्जाव राहिला. त्या वातावरणात वाढलेल्या काही वृद्धांना चारचौघांत साइन करायला आजही संकोच वाटतो. शिवाय सांकेतिक भाषा जगभर एकच नसते. ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं बोलतात इंग्रजी, पण त्यांच्या सांकेतिक भाषा अगदी वेगळ्या आहेत. परदेशातून येणाऱ्या कर्णबधिर भावाला तुमचा दुभाषी समजेलच असं नाही. म्हणून अंदाज बांधू नका, विचारा. आणि ज्याला हवंय त्यालाच विचारा. पत्नी कर्णबधिर असली की सगळे फोनवर बोलू शकणाऱ्या चुलतभावाला विचारून मोकळे होतात. अंत्यविधीचे निम्मे निर्णय पहिल्या काही तासांत असेच तिच्या डोक्यावरून होऊन जातात.

घरचं माणूस की व्यावसायिक दुभाषी

घरच्या माणसाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते नाकारत नाही. तो तिथंच असतो. कोण कुणाचा कोण हे त्याला माहीत असतं. घरात वर्षानुवर्षं घडलेल्या खुणा, ज्या कुठल्याच कोशात सापडणार नाहीत, त्या त्याला येतात. आईला परक्या माणसासमोर रडावं लागत नाही. आणि पैसे लागत नाहीत.

उलट बाजूला हातांचं तर सांगितलंच. आणखी दोन गोष्टी मला त्या दिवशी कळल्या. एक नातेवाईक बाबांबद्दल काहीतरी कडवट बोलले. मी ते गाळलं. त्या क्षणी आईला जपतेय असं वाटलं, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं होतं आणि फक्त तिलाच नाही. सगळे अस्वस्थ का झाले ते तिला कळेना. व्यावसायिक दुभाषी जे बोललं गेलं ते सगळं पोचवायला बांधील असतो, आणि तिथं ऐकलेलं बाहेर न बोलायलाही. दुसरी गोष्ट म्हणजे, आई बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज मीच होते. दुभाषी प्रथमपुरुषी बोलतो, म्हणून ‘माझा नवरा’ हे शब्द मी माझ्या तोंडानं म्हटले, माझ्याच बाबांबद्दल. मला बाबांविषयी जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

व्यावसायिक दुभाष्याच्याही अडचणी आहेत. तो लगेच मिळेल याची खात्री नसते. विधी लांबला तर एकानं भागत नाही; साइनमध्ये सतत अनुवाद करताना डोकं थकतं आणि चुका वाढतात, म्हणून दोघं जण साधारण 20 ते 30 मिनिटांनी आळीपाळीनं काम करतात. खर्च येतो. पण तो कुटुंबानंच उचलायचा असं मुकाट्यानं गृहीत धरू नका. संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, नवव्या कलमात, सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी व्यावसायिक सांकेतिक भाषा दुभाष्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या देशाचा कायदा त्यातलं किती देतो हे वेगवेगळं असेल, पण अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला आणि धार्मिक स्थळाला विचारायला हरकत नाही.

दुभाषी निवडताना प्रमाणपत्र पाहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखाद्या कर्णबधिर माणसाला विचारा की हा दुभाषी चांगला आहे का. 10 डिसेंबर 2013 रोजी जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांची स्मरणसभा झाली. जगभरच्या नेत्यांच्या शेजारी उभा राहून एक माणूस तासन् तास हात हलवत होता आणि त्या हालचालींना काही अर्थच नव्हता. ऐकू येणाऱ्यांना तो दुभाषीच वाटला. ते लक्षात आलं कर्णबधिर प्रेक्षकांच्या. इतक्या मोठ्या कार्यक्रमात हे घडू शकतं, तर धावपळीत ‘मला थोडं साइन येतं’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसावर भिस्त ठेवताना विचार करा.

जमलं तर कामाची वाटणी अशी करा: दुभाषी बाहेरचा, आणि त्याला माहिती देणारं माणूस घरचं. आदल्या दिवशी नावं, नाती, वाचले जाणारे उतारे, प्रार्थना, भाषणांचे मसुदे त्याच्याकडे पोचू देत. कविता किंवा जुन्या भाषेतलं धर्मवचन आयत्या वेळी साइनमध्ये आणणं फार कठीण असतं. आणि गेलेल्या माणसाचं साइन-नाव जरूर सांगा. कर्णबधिर समाजात प्रत्येकाला एक खूण-नाव असतं, त्याच्या चेहऱ्यावरून, सवयीवरून पडलेलं. बाबांचं नाव भुवईवरच्या व्रणावरून पडलं होतं, भुवईपाशी एक बोट ओढायचं, बस्स. दुभाष्याला ते ठाऊक नसेल तर तो अक्षर-अक्षर करून कागदावरचं नाव दाखवत राहील, आणि पन्नास वर्षांच्या मित्रांना तो कुणा परक्याबद्दल बोलतोय असं वाटेल.

समोरचा दुभाषी की व्हिडिओवरचा

इथं फार घोळत बसायला नको. रुग्णालयात बातमी सांगताना, कागदपत्रं भरताना, संस्थेशी बोलताना व्हिडिओवरचा दुभाषी मोठा आधार आहे, कारण ते तास दुभाषी प्रवास करून येईपर्यंत थांबत नाहीत. निदान मृत्यूची बातमी तरी दहा वर्षांच्या मुलाच्या हातांनी आईपर्यंत पोचू नये. प्रत्यक्ष विधीला मात्र हा पर्याय तोकडा पडतो. पडदा लहान असतो, उघड्यावर नेटवर्क दगा देतं, आणि कोण कुठून बोलतंय हे दुभाष्याला दिसत नाही.

खुणा की अक्षरं

पडद्यावर उमटणारी अक्षरं, म्हणजे थेट मथळे, हा साइनला पर्याय आहे असं अनेकांना वाटतं. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे त्यांच्यासाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा असते, आणि दुःखात दुसरी भाषा वाचायला जास्तच जड जाते. उलट उतारवयात ऐकू येईनासं झालेल्या आजीला दुभाषी कितीही उत्तम असला तरी उपयोग नाही. तिला अक्षरंच हवीत. आपल्या सभेत दोन्ही तऱ्हेची माणसं असतील तर एकाच्या बदल्यात दुसरं असं करता येत नाही.

मथळ्यांतही फरक आहे. प्रशिक्षित माणूस टंकत असेल तर नावं आणि भरून आलेला आवाज सांभाळला जातो. फोनवरचं आपोआप लिहिणारं अ‍ॅप फुकट आहे, पण हुंदका आला, आवाज खाली गेला की ते भलतंच लिहितं, आणि हटकून गेलेल्या माणसाचंच नाव चुकवतं. तेच हाताशी असेल तर भाषणांच्या छापील प्रती आधीच वाटा आणि अ‍ॅप फक्त आयत्या वेळच्या बोलण्यासाठी ठेवा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी काही सभागृहांत इंडक्शन लूप बसवलेला असतो, म्हणजे माईकमधला आवाज बिनतारी श्रवणयंत्रापर्यंत पोचवणारं तारेचं वेटोळं. यंत्रात तो आवाज पकडणारा छोटा भाग, टेलिकॉइल, असेल तर वक्त्याचा आवाज गोंगाट वगळून थेट यंत्रात येतो. तो नुसता आहे का एवढं विचारू नका, आदल्या दिवशी कुणाला तरी यंत्र लावून तिथं बसवा. आणि वक्ता माईक सोडून बोलला तर लूपचा काही उपयोग नाही, हे वक्त्यांना सांगून ठेवा.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या माणसाला हातावर हात ठेवून सांगणारा स्वतंत्र दुभाषी लागतो. तो सामायिक असू शकत नाही.

बोलण्याचा अनुवाद की मुळातच साइनमध्ये

हा पर्याय बहुतेक कुटुंबांच्या लक्षातच येत नाही, म्हणून यावर थोडं थांबते. नेहमीची रीत अशी: विधी बोलून होतो आणि कडेला दुभाषी तो साइनमध्ये आणतो. ऐकू येणारं कुटुंब मोठं आणि कर्णबधिर माणूस एकटा असेल तर ही रीत ठीक आहे. असं घडतंही पुष्कळदा. अमेरिकेतल्या अभ्यासांनुसार 90 टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. आईच्या किंवा वडिलांच्या अंत्यविधीला असं मूल खोलीत एकटंच कर्णबधिर असू शकतं.

पण गेलेला माणूसच कर्णबधिर असेल, त्याचे मित्र, जोडीदार, शाळासोबती साइन करणारे असतील, तर उलटं करून पाहा. विधी साइनमध्ये, आणि दुभाष्याचा आवाज ऐकू येणाऱ्यांसाठी. बाबांनंतर काही वर्षांनी मावशी गेली, तीही कर्णबधिर. तिची स्मरणसभा तिच्या मैत्रिणींनी अशी केली. वक्ते एकामागून एक साइन करत होते, मागून शांत आवाजात अनुवाद येत होता, आणि थोड्या वेळानं मामाच्या लक्षात आलं की या वेळी दोन क्षण उशिरा हसणारे आपण आहोत. तो मला म्हणाला, “तुझ्या आईला आयुष्यभर असंच होत असेल, नाही का गं?”

या रीतीतही उणं आहे. विधी चालवणाऱ्याला साइन यायला हवं, नाहीतर फक्त आठवणींचा भाग साइनमध्ये करावा लागतो. ऐकू येणाऱ्या वृद्ध नातेवाइकांना वक्त्याकडे बघत दुसऱ्याचा आवाज ऐकायची सवय नसते. म्हणून सुरुवातीलाच दोन वाक्यांत काय होणार ते सांगून टाकावं. तरीही, खोलीत निम्मी माणसं साइन करणारी असतील तर मी हाच पर्याय सुचवेन.

लगेच करायचं की थांबायचं

दुभाषी उद्यापर्यंत मिळत नाही आणि विधी आजच करावा लागतोय, असं झालं तर? मग आजचं छोटं ठेवा. कमी बोला, जे बोलायचं ते कागदावर द्या, आणि भाषणं, आठवणी नंतरच्या सभेसाठी राखून ठेवा, जिथं दुभाषी आधीच ठरवता येईल. पण ‘सभेत कळेलच तिला’ म्हणून आज तिला मागे उभं करू नका. शेवटचं दर्शन पुन्हा होत नाही. आत्ता काय चाललंय, यानंतर काय होणार, किती वेळ आहे, एवढं तरी त्याच क्षणी तिला कळलं पाहिजे.

जागा आणि उजेड

यांना पैसे लागत नाहीत, तरी हेच सर्वांत जास्त विसरलं जातं. दुभाषी पार्थिवाच्या जवळ उभा राहू द्या, म्हणजे एकाच नजरेत दोन्ही दिसेल. नाहीतर निरोप घ्यायचा की समजून घ्यायचं हे ठरवत मान इकडून तिकडे वळवावी लागते. त्याच्या पाठीमागे खिडकी नको, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, आणि साइनचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. दिवे मंद करू नका. दुभाष्याचे कपडे साधे आणि त्याच्या त्वचेच्या रंगाहून वेगळे हवेत. ओळीत उभं राहण्यापेक्षा अर्धवर्तुळ बरं.

डोळे मिटून करायची प्रार्थना किंवा स्तब्धता असेल तर ती संपल्याचं कसं कळणार ते आधी ठरवा, शेजाऱ्यानं खांद्याला हलकेच हात लावला तरी पुरे. आणि रडण्याला जागा ठेवा. ऐकू येणारा माणूस तोंड झाकून रडत असतानाही ऐकत असतो. आईनं तोंड झाकलं की तिच्यासाठी सगळं थांबतं. डोळे पाण्यानं भरले तरी समोरचे हात पुसट होतात. विधी चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तिनं मान खाली घातली तर त्यानं थांबावं. अर्धा मिनिट पुरतो. मावशीच्या सभेत आईनं मान खाली घातली की साइन करणारे वक्तेच हात खाली घेऊन थांबायचे, आणि मागून येणारा आवाजही थांबायचा.

दुभाष्याची वेळ ठरवताना विधी संपल्यानंतरचा तास धरायला विसरू नका. माणसं भेटायला येतात ती तेव्हाच. त्या वेळी दुभाष्यानं आईच्या शेजारी उभं राहायचं नाही, तर भेटायला येणाऱ्याच्या बाजूला, आईला तो आणि दुभाषी दोघंही दिसतील असं. मावशीच्या सभेनंतर तिथल्या दुभाषी बाई तशाच उभ्या होत्या. लोक येत होते, बोलत होते, आई त्यांना उत्तरं देत होती, आणि मी तिच्या शेजारी नुसती बसून होते.