बेळगावात नोकरी की खानापूरच्या रानात?
डॉक्टर म्हणून दोन्हीकडं काम केलंय म्हणून सांगतो. बेळगावात सोनोग्राफी, रक्त, भूलतज्ज्ञ सगळं हाताशी, अडलं की सिनिअरला विचारायचं, पण पेशंटशी धड बोलणंच होत नाही. खानापूरच्या कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात लाइट नाही, रेंज नाही, भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावातनं पेशंट खांद्यावर आणतात, फुरसं (विषारी साप) चावलेला आला की कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, तिरकी केल्यावर वाहिलं म्हणजे गोठलं नाही, विष चढलंय, लगेच अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध). आणि घरच्यांना मराठीत समजावलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो बघा. पैसा, मुलांची शाळा म्हणाल तर बेळगावच. तरी नवीन एमबीबीएसवाल्यांनी दोन वर्षं इकडं काढावीतच, मनापासनं सांगतो. फक्त सरकारी कागदांसाठी कन्नड लिहायला शिकून या.