अण्णांची दुनळी बंदूक विकली त्या दुकानाचा अनुभव (४ स्टार)

घरातलं मोठं माणूस गेलं आणि मागे परवान्याची जुनी बंदूक राहिली असं ज्यांच्याकडे झालंय त्यांनी हे वाचा. लांब झालंय, पण मला तेव्हा कुणी एवढं सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पाटण तालुक्यातल्या गावी शेती करायचे. घरात आजोबांच्या वेळची बारा बोअर (हे नळीचं माप) दुनळी होती, घोडे म्हणजे काडतूस उडवणारे खटके बाहेर असलेली, आणि नळ्यांवर पाण्यावर तेल पसरल्यासारखी नक्षी. आजोबांनी संस्थानी काळातल्या एका अधिकाऱ्याकडून ती घेतली होती एवढंच आम्हाला माहीत. परवाना पीक संरक्षणाचा, रानडुकरांसाठी, पण माझ्या आठवणीत अण्णांनी ती फक्त दसऱ्याला पुजायला बाहेर काढली.

अण्णा गेले आणि पंधराव्या दिवशी पोलीस ठाण्यातून निरोप आला की परवानाधारक नाही तर हत्यार घरात ठेवता येत नाही, जमा करा. खरं तर हे आम्ही न सांगता करायला हवं होतं, शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे लगेच जमा करावं लागतं. दादा म्हणाला गाडीत टाकून दुकानात नेतो, पण मी आधी या दुकानात फोन केला आणि दुकानातल्या काकांनी पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, तुमच्यापैकी कुणाकडे परवाना नाही ना, मग ती घेऊन रस्त्यावर येऊ नका, ठाण्यात जमा करा, पावती घ्या, पुढचं पत्र मी सांगतो तसं लिहा." तेवढ्या एका वाक्यासाठी मी या दुकानाला जन्मभर मानेन, कारण त्याआधी दुसऱ्या एका विक्रेत्याने फोनवरच सांगितलेलं की घेऊन या, बघून सांगतो, आणि फोटो पाठवल्यावर आठ हजार म्हणाला.

किमतीबद्दल घरात सगळे वेगवेगळं बोलत होते. लंडनला असलेल्या चुलतभावाने तिकडच्या लिलावातले आकडे पाठवले आणि आईला वाटलं घर दुरुस्त होईल. काकांनी शांतपणे समजावलं की तिकडचा भाव इकडे लागू नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, म्हणजे खासगी माणसाला बाहेर नेऊन विकता येत नाही, आणि देशात घेणारा फक्त तोच ज्याच्या परवान्यात जागा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तिसरं वर्षभरात जमा करायचं किंवा सोडायचं होतं. काका म्हणाले त्यानंतर जुन्या बारा बोअर ढिगाने दुकानात आल्या आणि घेणारे उरले नाहीत. विलायती पिस्तुलं रिव्हॉल्व्हर मात्र महाग, कारण १९८० च्या दशकापासून सामान्य माणसासाठी आयात बंद आहे आणि आहे तोच माल फिरतो. दुनळीचं तसं नाही.

मग बंदूक ठाण्यातून दुकानात आल्यावर ती बघणं. हा भाग मी कधी विसरणार नाही. काकांनी नळ्या वेगळ्या करून बोटावर टांगल्या आणि नखाने टिचकी मारली, घंटेसारखा आवाज आला, म्हणाले दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली नाही, सुटली असती तर आवाज बसका आला असता. नळ्या परत बसवून उजेडाकडे धरल्या, सांध्यात फट दिसते का पाहिलं, आतून गंज किती खोल गेलाय तो पाहिला. मग भिंग घेऊन खालचे शिक्के. मला वाचायला दिलं. बर्मिंगहॅमच्या तपासणी केंद्राचे मुकुटाचे शिक्के, आणि इंग्रजीत कोरलेलं ‘नॉट फॉर बॉल’. त्यांनी सांगितलं की तोंडाकडे आवळलेल्या नळ्यांवर हा शिक्का १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारला जायचा, म्हणजे यातून एकसंध गोळी मारायची नाही, फक्त छर्रे. म्हणजे आमची बंदूक तेव्हाची! आम्ही घरात तिला आजोबांच्या काळातली म्हणत होतो आणि ती आजोबांच्या जन्माच्याही आधीची निघाली.

वरच्या पट्टीवर ‘आर. बी. रोडा अँड कंपनी, कलकत्ता’ हे नाव. माझ्यासाठी ते फक्त दुकानाचं नाव होतं. काकांनी विचारलं, रोडा माहीत आहे का? २६ ऑगस्ट १९१४ ला याच कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली होती. आमच्या बंदुकीचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही हेही त्यांनी लगेच स्पष्ट सांगितलं, आणि विकताना तसं कुणाला सुचवायचंही नाही म्हणाले, पण संग्राहकाला ते नाव हवं असतं म्हणून किंमत वाढते. खोटी कहाणी जोडून जास्त पैसे काढता आले असते त्यांना. नाही केलं.

किंमत कमी करणाऱ्या गोष्टीही तेवढ्याच सरळ सांगितल्या. नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून ठोकून केलेल्या, नक्षी त्याचीच. त्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी, नव्या बिनधुराच्या दारूची तपासणी झाल्याचा शिक्का त्यावर नाही. काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी, आणि आज सर्रास मिळतं ते ७० मिमीचं. आत बसतं, म्हणूनच जास्त धोका. आणि विकायच्या आधी चकाचक दिसावी म्हणून दादाने एका नळीला पॉलिश पेपर घासला होता, तिथली नक्षी पुसट झाली. काकांनी दादाला ओरडलं नाही पण खूप वेळ त्या जागेवर बोट फिरवत राहिले. कृपा करून जुन्या बंदुकीला काहीही घासू नका, तेलाचं फडकंसुद्धा विचारून लावा.

एवढी जुनी आहे तर परवान्याची भानगड नको असेल, असं बरेच जण आम्हाला सांगत होते. कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे पण ती जे दुरुस्त करूनही चालू शकत नाही त्यालाच. आमच्यात काडतूस बसतं, घोडे पडतात, म्हणून परवाना लागणारच. एकाने सल्ला दिला नळीला भोक पाडून शोपीस करा. काका म्हणाले मग ती नुसतं लोखंड.

कागदांना वेळ गेला. वारस म्हणून आई, दादा आणि मी, तिघांची प्रतिज्ञापत्रं, मृत्यू दाखला, मूळ परवाना, कलेक्टर ऑफिसची परवानगी, आणि विक्रीआधी ४५ दिवस लेखी सूचना. दादाने वारसा म्हणून परवाना काढायचा विचार केला होता, तशी तरतूद २०१६ च्या नियमांत आहे, पण तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, नको म्हणाला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते रानडुकरांसाठी घ्यायला, ६५ हजार द्यायला तयार. काकांनी दिली नाही. आम्हाला फोन करून सांगितलं की हा माणूस यात आजची काडतुसं घालणार, हात जाईल त्याचा, मी विकणार नाही, तुम्हाला पैसे हवेत तर दुसऱ्या दुकानात हलवा, मी कागद करून देतो. आई म्हणाली थांबू. चार महिन्यांनी नाशिककडच्या एका संग्राहकाने ५२ हजाराला घेतली, परवान्यात जागा होती, फक्त जपायला घेतोय असं लेखी दिलं.

एक स्टार का कापला ते सांगते. मूल्यांकनाचे हजार आणि दहा टक्के कमिशन आधी सांगितलं होतं, पण सांभाळण्याचं महिन्याचं भाडं वेगळं आहे हे आम्हाला हिशोब मिळाला तेव्हा कळलं, आणि आमच्यासारख्या घराला ते आधी कळायला हवं होतं. फोन दुपारी दोन ते पाच कुणी उचलत नाही. पावती मात्र पहिल्या दिवसापासून चोख, नंबर, फोटो, कुठे ओरखडा आहे ते सगळं लिहिलेलं.

जाताना मूळ परवाना, वारसांचे आधार आणि बंदूक कुणाकडून आली याचा घरात असेल तो प्रत्येक चिटोरा घेऊन जा. आमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी पोस्टाची पावती सापडली आणि ती बंदुकीबरोबर नव्या मालकाकडे गेली.