लिनक्सची वर्कक्यू: मेमरीच्या तंगीत तारते, कोअरच्या तंगीत नाही

नाशिक परिसरातल्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या कारखान्यात मशीनशेजारच्या पॅनलमध्ये बसवलेल्या इंडस्ट्रियल पीसीत अनेकदा लिनक्स असतो. चार कोअर, 4 किंवा 8 जीबी रॅम. एक कोअर सर्व्हो किंवा कॅमेऱ्याच्या रिअलटाइम लूपसाठी बाजूला काढलेला आणि उरलेल्या तिघांवर डेटा लॉगर, डेटाबेस, डॅशबोर्ड. अशी पेटी कधीतरी विचित्र आजारी पडते. प्रोसेसर मोकळा दिसतो, रॅम शिल्लक असते, तरी लोड ॲव्हरेज (चालू आणि अडकलेल्या कामांची सरासरी) चढत जातो आणि लॉगमध्ये ‘खुजपेजडी 120 सेकंदांहून जास्त अडकला’ अशा ओळी येतात (खुजपेजडी हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, पार्श्वभूमीतला एक थ्रेड). पुष्कळदा रॅम बदलली जाते. दोष मात्र कर्नलच्या मेमरी विभागातल्या पार्श्वभूमीच्या कामांच्या रांगेत, म्हणजे वर्कक्यूत असतो. खरं तर त्या रांगेकडून आपण जी अपेक्षा धरतो तिच्यातच असतो. म्हणून हे परीक्षण त्या यंत्रणेचं आहे, आणि ते फॅक्टरीतल्या पेट्या सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. 2010 पूर्वी कर्नलचे अनेक विभाग आपापली वर्कक्यू मांडायचे आणि बहुतेक रांगांसाठी दर कोअरमागे एक थ्रेड बांधून ठेवायचे. खात्याखात्याने स्वतःचे हेल्पर नेमावेत, त्यांनी दिवसभर बसून राहावं आणि शेजारच्या खात्यात मात्र काम तुंबावं, तसा तो कारभार होता. तेजुन हिओ यांनी 2.6.36 मध्ये आणलेल्या नव्या रचनेने हेल्पर सामाईक केले. आता प्रत्येक कोअरला दोनच गट असतात, एक साधा आणि एक नाइस उणे 20 चा तातडीचा (नाइस हा प्राधान्याचा आकडा, जितका कमी तितकं प्राधान्य जास्त). एखादा केवर्कर, म्हणजे गटातला काम करणारा थ्रेड, काम करता करता झोपला, उदाहरणार्थ डिस्कची वाट बघत, तर शेड्युलर गटाला लगेच कळवतो आणि दुसरा केवर्कर उठतो. सगळे गुंतलेले असतील तर नवा थ्रेड तयार होतो. गरजेपेक्षा जास्त रिकामे झालेले 300 सेकंदांनंतर काढून टाकले जातात. पीएसमध्ये (प्रक्रियांची यादी देणारी आज्ञा) केवर्कर/3:1 दिसला तर तो 3 क्रमांकाच्या कोअरचा (क्रमांक 0 पासून सुरू होतात), शेवटी एच असेल तर तातडीच्या गटातला, आणि केवर्कर/यू8:2 असा असेल तर कुठल्याही एका कोअरला न बांधलेला. ही रचना इतकी चोख आहे की बहुतेक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना तिच्याकडे वळून बघावंच लागत नाही.

मेमरी विभागाची मुख्य रांग म्हणजे एमएम_परसीपीयू_डब्ल्यूक्यू. तिच्यावर दोन प्रकारची कामं येतात. पहिलं व्हीएमस्टॅट_अपडेट: प्रत्येक कोअरने स्वतःकडे साठवलेले आकडे मुख्य हिशेबात जमा करणं. व्हीएम.स्टॅट_इंटरव्हल हा त्याचा काळ, न बदलल्यास 1 सेकंद. दुसरं एलआरयू ड्रेन: पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, वापराच्या क्रमाच्या (एलआरयू) यादीत चढवण्याआधी प्रत्येक कोअर ती छोट्या गठ्ठ्यात जमवतो, पूर्वी 15, अलीकडच्या कर्नलमध्ये 31. कुणाला सगळी पानं यादीत हवी असली की ज्या कोअरकडे गठ्ठा शिल्लक आहे त्या प्रत्येकाला ‘तुझा गठ्ठा रिकामा कर’ असं काम जातं, आणि मागणारा सगळ्यांचं काम संपेपर्यंत थांबतो. केस्वॉपडी (मेमरी मोकळी करणारा), केकॉम्पॅक्टडी (विखुरलेली मेमरी सलग करणारा) आणि खुजपेजडी (लहान पानं जोडून मोठी करणारा) हे मात्र वर्कक्यूचे नव्हेत, स्वतंत्र थ्रेड आहेत. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

एमएम_परसीपीयू_डब्ल्यूक्यू या रांगेवर डब्ल्यूक्यू_मेम_रिक्लेम हा झेंडा (फ्लॅग) आहे. यंत्रणेतला हा सगळ्यांत विचारपूर्वक केलेला भाग, आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही त्याच्याचभोवती. नवा केवर्कर जन्माला घालायला मेमरी लागते. मेमरी संपलेली असेल तर ती मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं, आणि ती मोकळी करणारं काम त्याच न जन्मलेल्या केवर्करची वाट बघत रांगेत असेल तर गाठ पक्की बसते. यावर उपाय म्हणून असा झेंडा लावलेल्या प्रत्येक रांगेसाठी एक राखीव थ्रेड सुरुवातीलाच तयार करून ठेवतात. नवीन कर्नलमध्ये तो केवर्कर/आर- या उपसर्गाने दिसतो, जुन्यांत नुसत्या रांगेच्या नावाने. नवा थ्रेड तयार व्हायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास उशीर झाला की गट हाक देतो आणि राखीव थ्रेड धावून येतो.

पण हा विमा फक्त मेमरीच्या तंगीचा आहे. कोअरच बळकावला गेला तर तो लागू होत नाही. आयसोलेट केलेल्या (इतर कामांपासून बाजूला काढलेल्या) कोअरवर शेड_फिफोचा, म्हणजे रिअलटाइम प्राधान्याचा, थ्रेड क्षणभरही न झोपता पोलिंग करत (पुन्हा पुन्हा तपासत) बसला, तर त्या कोअरचा केवर्कर जागा होऊनही चालत नाही, कारण तो साध्या प्राधान्याचा आहे. नवा थ्रेड तयार करण्यात अडचण आलेलीच नाही, म्हणून राखीव थ्रेडला हाक जात नाही. आणि गेली असती तरी त्यालाही त्याच कोअरवर, रिअलटाइमच्या खालच्याच प्राधान्याने चालायचं होतं. एलआरयू ड्रेन मागणारा अडकतो. त्याच्या हातात एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) असतो, म्हणून पाठोपाठ आलेला दुसराही अडकतो. सगळे डी अवस्थेत (उठवता न येणारी झोप), आणि लोड ॲव्हरेज वर. कोअर आयसोलेट केला की कर्नल तिकडे फिरकणार नाही, हा समज इथे तुटतो.

खात्री करायला लॉग पुरतो. वर्कक्यू वॉचडॉग (अडकलेल्या रांगांवर नजर ठेवणारी सोय) चालू असेल तर 30 सेकंदांनी ‘वर्कक्यू लॉकअप’ अशी नोंद येते. तिच्यात गटाचा कोअर क्रमांक असतो, खाली एमएम_परसीपीयू_डब्ल्यूक्यू, फ्लॅग्ज 0एक्स8 आणि पेंडिंग कामांची नावं. तिथे बार लिहून कंसात एक आकडा दिसला तर तो अडकून वाट बघणाऱ्या प्रक्रियेचा पीआयडी. तिथूनच सुरुवात करावी. वॉचडॉग नसेल तर सिसआरक्यूला (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) टी दिल्यावर वर्कक्यूंची स्थिती लॉगमध्ये उतरते, आणि डब्ल्यू दिल्यावर अडकलेल्या प्रक्रियांचे स्टॅक.

आता उपाय. पहिला आणि खरा उपाय लूपमध्येच आहे: दर सायकलला क्लॉक_नॅनोस्लीपने थोडी झोप. 1 मिलिसेकंदाच्या सायकलमध्ये 600 मायक्रोसेकंद काम असेल तर उरलेल्या वेळात केवर्कर आपलं काम उरकतो. दुसरं, शेड_आरटी_रनटाइम_यूएस (रिअलटाइम थ्रेडना दर सेकंदाला मिळणारे मायक्रोसेकंद) उणे 1, म्हणजे अमर्याद, करू नये. मूळ 950000 ठेवलं तर प्रत्येक सेकंदातले 50 मिलिसेकंद इतरांना मिळतात. 6.12 पासून उपाशी राहिलेल्या साध्या थ्रेडना सेकंदाला तेवढाच वेळ देणारा वेगळा सर्व्हर शेड्युलरमध्येच आला आहे. पण लूपला 50 मिलिसेकंदांचा खंड परवडत नसेल, तर झोप लूपमध्येच घालण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरं, ड्रेन मागणारे कमी करा. ड्रॉप_कॅशेसला (कॅश रिकामी करायला लावणारी फाइल) रात्री 3 हा आकडा लिहिणारी क्रॉनची (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) ओळ कित्येक पेट्यांत वर्षानुवर्षं पडून असते. ती काढा, तिचा फायदा काही नाही आणि प्रत्येक वेळी ड्रेन होतो. कॉम्पॅक्ट_मेमरीत (मेमरी सलग करायला लावणारी फाइल) लिहिणाऱ्या स्क्रिप्टचंही तेच. ट्रान्सपरंट ह्यूजपेज (आपोआप मोठी पानं करण्याची सोय) नेव्हरवर ठेवा, कारण खुजपेजडी प्रत्येक फेरीच्या आरंभी ड्रेन मागतो आणि फेऱ्यांमधलं अंतर मूळचं 10 सेकंदांचं आहे. 5.10 किंवा 5.15 वर असाल तर व्हीएम.स्टॅट_इंटरव्हल 10 किंवा 60 करा. अलीकडच्या कर्नलमध्ये आयसोलेटेड कोअर या हिशेबातून आपसूक वगळले जातात.

दोन गोष्टी करू नका. बांधलेल्या केवर्करला टास्कसेटने (थ्रेडचा कोअर ठरवणारी आज्ञा) दुसरीकडे हलवायला जाऊ नका, ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ हेच उत्तर येईल. सिसएफएसमधला वर्कक्यूचा सीपीयूमास्कही फक्त न बांधलेल्या रांगांना लागू होतो. आणि चेआरटीने (रिअलटाइम प्राधान्य देणारी आज्ञा) केवर्करचं प्राधान्य वाढवू नका. ते थ्रेड येतात-जातात, आज वाढवलेला उद्या असेलच असं नाही.

स्वतःचं कर्नल मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी थोडं. मेम_रिक्लेम झेंडा ब्लॉक ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, स्वॅप अशा मेमरी मोकळी करण्याच्या वाटेवरच्या कामांनाच हवा. सेन्सर वाचणाऱ्या ड्रायव्हरला तो लावला तर एक थ्रेड उगाच राखून बसतो. राखीव थ्रेड रांगेमागे एकच, म्हणून त्याच रांगेतलं एक काम दुसऱ्यावर थांबत असेल तर तंगीत दोन्ही अडकतात. अशी कामं वेगळ्या रांगांत घाला. झेंडा असलेल्या रांगेतून झेंडा नसलेल्या रांगेला फ्लश केलं (तिची कामं संपेपर्यंत थांबलं) तर कर्नल इशारा देतो, तो दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. कामाच्या आत मेमरी मागायचीच असेल तर जीएफपी_नोआयओ (डिस्कच्या कामात न शिरता मेमरी मागणं) किंवा आधी भरलेला मेमपूल (मेमरीचा राखीव साठा) वापरा. मॅक्स_ॲक्टिव्हला (एका वेळी चालणाऱ्या कामांची मर्यादा) 0 देऊन मूळ मर्यादा घ्या, ती पूर्वी 256 होती, आता 1024. मॉड्यूल काढताना कॅन्सल_वर्क_सिंक विसरला तर काम मोकळ्या झालेल्या मेमरीवर चालतं आणि पेटी जागीच कोसळते.

यंत्रणा सुधारते आहे, हे कबूल करायलाच हवं. पानांच्या परकोअर याद्या रिकाम्या करायलाही पूर्वी प्रत्येक कोअरला काम पाठवावं लागे. 6.0 पासून ते दुरूनच, लॉक घेऊन होतं. 6.5 पासून 10 मिलिसेकंदांहून जास्त कोअर अडवणारं काम आपोआप बाजूला मोजलं जातं, आणि तशी सेटिंग असेल तर लॉगमध्ये त्याचं नावही येतं. व्हीएमस्टॅट_शेफर्ड (व्हीएमस्टॅट_अपडेटची कामं वाटणारं काम) त्या नोंदीत दिसला तर घाबरायचं कारण नाही. एलआरयू ड्रेन मात्र अजून काम पाठवूनच होतो, आणि या यंत्रणेतली आमच्या मते सर्वांत मोठी उणीव तीच.

पेटी पॅनलमध्ये बसवण्याआधी ही चाचणी घ्यावी. रिअलटाइम प्रोग्रॅम नव्याने सुरू करा, बाकीच्या कोअरवर स्ट्रेस-एनजी (ताण देणारा प्रोग्रॅम) लावा आणि लगेच कॉम्पॅक्ट_मेमरीत 1 लिहून टाइमने मोजा. काही सेकंदांत प्रॉम्प्ट परत आला तर ठीक. 30 सेकंद उलटूनही आला नाही तर लूप झोपत नाही. ‘लगेच’ महत्त्वाचं आहे: सुरू होताना प्रोग्रॅम पानं ओढतो, त्यामुळे त्या कोअरवर गठ्ठा शिल्लक असण्याची शक्यता तेव्हाच जास्त. गठ्ठा रिकामा असेल तर त्या कोअरला काम जातच नाही, आणि चाचणी खोटी पास होते.