व्हिनाइल एस्टर रेझिन: सागरी कंपोझिटच्या उन्हाळी प्रकल्पासाठी घ्यावं का?

कंपोझिटचा, म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेला, बोटीचा तळ किंवा खाऱ्या पाण्यातला पाइप असा विषय घेऊन उन्हाळी सुट्टीत संशोधन करणाऱ्या नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे रेझिनचे तीन पर्याय असतात: ऑर्थो पॉलिएस्टर, आयसो पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टर. आमचं मत स्पष्ट आहे, व्हिनाइल एस्टरच घ्या. पाणी एस्टर बंध (रेझिनच्या रेणूंमधले रासायनिक जोड) तोडतं. पॉलिएस्टरमध्ये हे बंध साखळीभर असतात, व्हिनाइल एस्टरमध्ये फक्त टोकांना. म्हणून ते जास्त टिकतं आणि फोडही कमी येतात. तुलनेसाठी आयसोचं एक पॅनेल जरूर करा.

सुट्या कॅनमध्ये रेझिन घेताना बॅचची तारीख आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आधीच मिसळलंय का, या दोन गोष्टी विचारा. कोबाल्ट मिसळलेला माल लवकर घट्ट होतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर आणखी लवकर. तारीख सांगता येत नसेल तर तो कॅन घेऊ नका.

३०० × ३०० मिमीच्या पॅनेलला ६१० ग्रॅमचं (दर चौरस मीटरला) विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या तंतूंचं जाड कापड, सहा थर, म्हणजे सुमारे ३३० ग्रॅम काच लागते. रेझिन तेवढंच, पण ब्रश-रोलरला चिकटून जाणारं धरून ४५० ग्रॅम घ्या. जाडी साधारण साडेचार मिमी येते. मॅट (न विणलेली, काचेच्या तुकडे-तंतूंची चादर) वापरायचीच असेल तर तंतू धरून ठेवणारा बाइंडर पावडरचा असलेली मागा, इमल्शनची पाणी जास्त धरते.

नाशिकमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८-४० अंशांवर जातो आणि रेझिन हातातच जेल होतं. अशा वेळी एमईकेपी (रेझिन घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन) १ टक्क्याखाली नेण्याचा मोह होतो. तसं करू नका, क्युअर (रेझिन पूर्ण कडक होणं) अर्धवट राहतो. कोबाल्ट कमी करा, सकाळी लवकर काम करा, एका वेळी २००-२५० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ठेवा. खोल मगात उष्णता अडकते. एमईकेपी घातल्यावर फेस येतो, तो बसल्यावरच थर लावा. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग एमईकेपी. रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाच्या वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवा. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे.

सगळ्यात जास्त प्रकल्प बिघडतात ते पोस्ट-क्युअर (नंतर ओव्हनमध्ये तापवणं) वगळल्यामुळे. पॅनेल दिवसभर तसंच ठेवून मग ८० अंशांवर ४ तास ओव्हनमध्ये द्यावं लागतं. नाही दिलं, तर उरलेलं स्टायरीन पाण्यात झिरपतं, पाण्यात बुडवलेल्या नमुन्याचं वजन वाढण्याऐवजी घटतं आणि आलेख वाचताच येत नाही. बारकोल कडकपणा (पृष्ठभाग किती कडक झाला हे सांगणारा आकडा) पुरवठादाराच्या डेटाशीटमधल्या आकड्याच्या जवळ आला की पुढे जा.

समुद्राचं पाणी म्हणून नळाच्या पाण्यात स्वयंपाकाचं मीठ घालू नका. एएसटीएम डी११४१ (कृत्रिम समुद्रपाण्याचं मानक) नुसार लिटरमागे २४.५३ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ५.२ मॅग्नेशियम क्लोराइड, ४.०९ सोडियम सल्फेट, १.१६ कॅल्शियम क्लोराइड आणि बाकीचे क्षार अगदी थोडे, सामू ८.२ ठेवा. पाणी डिस्टिल्डच. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यातही एक संच बुडवा. त्यात शोषण जास्त होतं, ते चुकून झालं असं समजू नका. नमुन्याच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद करा, नाहीतर पाणी तंतूंच्या बाजूने आत शिरतं. आठ आठवड्यांत खोलीच्या तापमानाला फारसा फरक दिसत नाही, म्हणून ६० अंशांचा वॉटर बाथ लागेल. वजन वेळेच्या वर्गमुळाविरुद्ध मांडा.

थरांमधली ताकद एएसटीएमच्याच डी२३४४ चाचणीने तपासा: लांबी जाडीच्या सहापट, रुंदी दुप्पट, आधारांतलं अंतर चौपट, भिजवण्याच्या दर टप्प्याला किमान पाच नमुने.

ओव्हन मिळणारच नसेल, तर व्हिनाइल एस्टरचे पैसे वाया जातात. मग आधी एखाद्या कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या लॅबमध्ये ओव्हनची वेळ पक्की करा, मगच रेझिन उचला.