क्रोपोत्किन आधी की बर्कमन?

कॉलेज रोडवर चहा पिताना भाच्याने विचारलं, "मामा, अराज्यवादावर, म्हणजे सरकारच नको म्हणणाऱ्या विचारावर, पहिलं कुठलं वाचू? दोन नावं आलीत." एक क्रोपोत्किनचं 'द कॉन्क्वेस्ट ऑफ ब्रेड' (1892), दुसरं अलेक्झांडर बर्कमनचं 'नाउ अँड आफ्टर' (1929). पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या मजकुरावर जाऊ नकोस म्हटलं, तिथे प्रत्येकच पुस्तक क्रांतिकारी असतं.

खर्च? दोन्ही स्वामित्वहक्कातून मोकळी, नेटवर फुकट.

वाचायला बर्कमन सोपा. तो कामगाराशी समोर बसून बोलावं तसं लिहितो, प्रश्न विचारतो आणि उत्तरंही देतो. "अराज्य म्हणजे दंगा, बॉम्ब ना?" ही शंका तो टाळत नाही. टाळणार कसा? 1892 सालीच एका कारखानदारावर गोळ्या झाडून तो चौदा वर्षं तुरुंगात राहिला होता. मात्र मुद्दा पटला तरी तो पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचा कंटाळा येतो.

क्रोपोत्किन जन्माने सरदार, पेशाने भूगोलतज्ज्ञ. अन्न, घर, कपडे असा एकेक विषय घेऊन हिशेबच मांडतो. पॅरिसभोवतालचे भाजीवाले खत आणि काचेच्या जोरावर एवढ्याशा जमिनीत किती पिकवतात, ते वाचताना मला आपल्या दिंडोरीकडची पॉलीहाउसं आठवली. आकडे जुने झालेत, आशावादही जरा जास्तच. तरी पुन्हा उघडतो ते हेच.

नुसती शंका फेडायची असेल, किंवा रशियन क्रांतीशी अराज्यवाद्यांचं का फाटलं ते हवं असेल, तर बर्कमन घे. सरकार नसेल तर भाकरी येणार कुठून, हा प्रश्न छळत असेल तर क्रोपोत्किन. भाचा शेतकऱ्याचा पोरगा, त्याला मी क्रोपोत्किनच दिला.