क्रॅगसाइड की वॉडेस्डन?

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन वाड्यांपैकी एकच पाहायला वेळ असेल, तर मी क्रॅगसाइड सुचवेन.

बकिंगहॅमशायरमधलं वॉडेस्डन मॅनर फर्डिनांड डी रॉथशील्ड यांनी १८७४ पासून फ्रेंच शातोच्या, म्हणजे सरदारी वाड्याच्या, धर्तीवर बांधलं. अठराव्या शतकातलं फ्रेंच फर्निचर, फ्रान्समधल्या सेव्हर कारखान्याची चिनी मातीची भांडी, चावी दिली की हलणारा यांत्रिक हत्ती, बाहेर आखीव फुलवाफे आणि पक्षीगृह. कलासंग्रहाची आवड असेल तर इथे दिवस अपुरा पडेल. लंडनहून जाऊन एका दिवसात परतताही येतं.

नॉर्थम्बरलँडमधलं क्रॅगसाइड तोफा आणि यंत्रं बनवणाऱ्या विल्यम आर्मस्ट्राँग यांचं. जलविद्युतेवर दिवे लागलेलं हे जगातलं पहिलं घर. त्यांनी डोंगरात तळी बांधली, १८७८ मध्ये पाण्याच्या जोरावर वीज तयार केली, आणि १८८० मध्ये इंग्रज संशोधक जोसेफ स्वान यांचे बल्ब घरात लावले. लिफ्ट आणि स्वयंपाकघरातला मांस भाजायचा फिरता गजसुद्धा पाण्याच्या दाबावर चाले! ओसाड खडकाळ उतारावर त्यांनी लाखो झाडं लावली. जूनमध्ये रोडोडेंड्रॉनची झुडपं फुलतात, तेव्हाच जा. चढउतार बराच आहे, बूट चांगले हवेत. जवळच्या रॉथबरी गावाला रेल्वे जात नाही, त्यामुळे गाडी असलेली बरी.