तालुका विधी सेवा समितीची मोफत वकील सेवा : खासगी फिर्यादीच्या निमित्ताने

बांधाच्या वादातून माझ्या मोठ्या बहिणीला हाताबुक्क्यांनी मारहाण झाली, तेव्हा पोलिसांनी अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करून तिला न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. अशा गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, त्यामुळे एन.सी.ची, म्हणजे या अदखलपात्र नोंदीची, प्रत हातात असूनही खटला मात्र सुरू झालेला नसतो. खासगी फिर्याद, म्हणजे थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेली तक्रार, दाखल करण्यासाठी आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे वकील मागितला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते.

नेमून दिलेल्या वकीलबाईंचे काम उत्तम होते. बहिणीने सांगितलेल्या जुन्या भांडणांचा पाल्हाळ बाजूला ठेवून त्यांनी फिर्यादीत तारीख, वेळ, जागा, कोणी कसे मारले आणि ते कोणी पाहिले एवढेच नेमकेपणाने मांडले, आणि वैद्यकीय दाखला जोडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार फिर्याद करणाऱ्याचा आणि हजर साक्षीदारांचा जबाब शपथेवर घेतला जातो, आणि न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही संधी देण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. समोरच्याला नोटीस निघाली म्हणजे न्यायालयाचा आपल्यावर विश्वास नाही, असे बहिणीने मानू नये, हे वकीलबाईंनी आधीच समजावले. शिवाय पुरेसे कारण दिसले तरच समन्स निघते, अन्यथा फिर्याद फेटाळली जाते, हेही लपवले नाही. इतका स्पष्टपणा पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

उणीव आहे ती वकील नेमण्याच्या दिरंगाईत, आणि ती मला गंभीर वाटते. एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याची दखल याच संहितेच्या कलम ५१४ नुसार साधारणपणे एका वर्षाच्या आतच घेता येते, तरीही आम्ही भरलेल्या अर्जात घटनेची तारीख विचारणारा रकानाच नव्हता. मुदत सरत आलेल्या माणसाचा अर्ज इतर अर्जांच्या गठ्ठ्यात पडून राहिला, तर त्याचा हक्क कार्यालयातच संपेल.

तरीही ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. अर्जाच्या वरच्या बाजूला घटनेची तारीख ठळक लिहावी, मुदत जवळ आली असल्यास तसे लेखी कळवून पोच घ्यावी. कोणत्या कार्यालयात जायचे हे माहीत नसल्यास १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विचारता येते.